पांढऱ्या बुटांना ऊन

लेकराचं कपाळ पुन्हापुन्हा चाचपत मी तीर्थपुरीहून जालन्याच्या एसटीत बसले होते. पुढच्या सीटवर एक बाई आणि तिचा पुण्यात नोकरी करणारा मुलगा; ती त्याला जालन्यापर्यंत सोडायला निघालेली. त्याच्या मांडीवर बुटांचा खोका उघडा होता.

"मिथुन, खरं सांग. सोल माझ्यामुळंच पिवळे पडले ना?"

"ठेवल्या ठेवल्याबी पडतात, माय. तू उन्हात ठेवल्ते का?"

"गोधड्यांना ऊन दाखवते, डाळीला दाखवते. मंग तुझ्या बुटांनी काय घोडं मारलं?"

"दर वेळी?"

"मंग! तू नुसते जमवतोस, एकदाबी पायात घातले न्हाईस. म्हणलं, निदान कसर लागू नये."

"बुटाला कसर न्हाई लागत गं. ह्यांना अंधार लागतो, कोरडी जागा लागती."

"म्हणून सगळे खोके पुण्याला नेणार?"

"हळूहळू नेतो. तुलाबी कटकट न्हाई."

"मला कसली कटकट? खोके हाईत म्हणून तरी तू घरी येतोस."

त्यानं सोलवरून अंगठा फिरवला.

"बरं, ने. पण हे पिवळं निघतं का?"

"निघतं. केसाला लावायचं पेरॉक्साइडचं क्रीम सोलला लावायचं, प्लास्टिकात गुंडाळून तेवढ्यापुरतं उजेडात ठेवायचं, मंग धुवायचं."

"मंग पुण्यात कर."

"न्हाई. हा जोड तू परत घरी घेऊन जा, बाकीचे खोकेबी राहू दे. एकदा लावून भागत न्हाई, माय. मला चार-पाच सुट्ट्या यावं लागंल."

"मंग सावकाश काढ. जल्दी काय हाय?"