तुळसा धक्क्यावर उतरली नाही

— नाही हो साहेब, कुणी हाकललं नाही तिला, खोटं सांगितलंय तुम्हाला. तुळसा माझी सख्खी धाकटी बहीण, मी कशाला हाकलीन? आपल्या पायांनी गेली ती. — तुम्ही जरा मध्यावर बसा, होडी कलते. — हां, तर हातावर महारोगाचा चट्टा उठला, नवऱ्याने आणून सोडली, तेव्हा रत्नागिरीच्या दवाखान्यात नेली कुणी? मीच ना? दोन वर्षं त्या नव्या गोळ्या घेतल्यान, शहाऐंशीच्या शिमग्याला बरी होऊन आली. डॉक्टरांचा कागद मी स्वतः वाचला — आता हिच्यापासून कुणाला लागायचं नाही. पटलं होतं मला, देवाशपथ पटलं होतं! पलीकडून मीच होडीत घेतली. इकडे धक्क्याला लागलो, उतरून दोरी बांधली, ती उभी राहिली नि हात पुढे केलान. दोन बोटं वाकडी. आणि माझा हात — साहेब, मी नेला नाही हो मागे, तो गेला! दिवसभर माणसांना हात देतो मी, म्हाताऱ्यांना, पोटुशींना, म्हावऱ्याच्या पाट्यावाल्यांना — ठरवावं लागतं काय? हात आपणच पुढे होतो. तसाच तो मागे गेला. तुम्ही आरोग्यवाले भिंतीवर चित्रं लावता, बरं करता, पण ती डोक्याला कळतात, हाताला कधी कळायची? — आणि लोक होते ना धक्क्यावर, सगळे बघत होते...

ती परत होडीत खाली बसली. "दादा, परत सोड मला." म्हटलं, "गो तुळशे, आये वाट बघतेय, घावणे घातलेत तुझ्यासाठी." "सोड म्हटलं ना." सबंध खाडी माझ्याकडे पाठ करून बसली. पलीकडे उतरताना तरी म्हणायचं होतं, दे हात — तेही म्हटलं नाही मी. वल्हं धरून बसलो. आता तिथेच दवाखान्यात रोग्यांच्या जखमा धुते, पट्ट्या बांधते. आये गेली तेव्हा आली, पण होडीने नाही, चिपळुणावरून वळसा घालून, येष्टीने. तिरडीपासून लांब उभी राहिली — मी नाही सांगितलं, आपणहून. माझी पंचाईत नको म्हणून.

— कोण लोक? कुठले? ... धक्क्यावर? — नव्हतं कुणी. भर दुपार, ओहोटी, एक कुत्रं नव्हतं. घरात बोललो नाही हो हे कधी. — तुम्ही लिहिताय काय? ते नका लिहू. खोडा. आधी खोडा ते! — तिला भेटलात तर सांगा... नको. काही नको. होडी लागली, उतरा तुम्ही.