घरी करायचा प्रयोग

शाळा सुटल्यावरच्या बसमध्ये एक तरुणी खिडकीशी बसली होती. मागच्या सीटवर दोन शिक्षिका येऊन टेकल्या.

"काय गं विज्ञानबाई, तोंड का उतरलंय?"

"ताई, मुलांना घरी फुगा फुगवायचा प्रयोग दिलाय. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा. एआयकडून लिहून घेतला."

"बरं, मग?"

"घरात सोडा नसला तर काय घ्यायचं, तेही लिही म्हटलं. त्याने ब्लीच लिहिलंय."

"व्हिनेगरमध्ये ब्लीच? अगं, विषारी वायू होतो! वाचलं नाहीस?"

"रोज वाचते हो. रोज बरोबर असतं. आज न वाचताच पाठवून दिलं, नंतर पाहिलं."

"सगळ्यांना फोन कर आधी!"

"केले. एकाच घरी उचलत नाहीत."

"पुन्हा लाव."

"लागला! हॅलो, बाळा, बाई बोलतेय. आई कुठंय?... दुकानात? बरं. प्रयोग केलास का?... सोडा नव्हता? मग काय ओतलंस?... ऐक, त्याला हात लावू नकोस. दार उघड आणि बाहेर ये. आत्ता... फुगा राहू दे गं, मी दुसरा देईन. बाळा? ऐकतेस ना?"

पुढे बसलेल्या तरुणीने स्वतःच्याही नकळत खिडकीची काच पूर्ण उघडली.

"बाळा?"