छताचं काम आम्ही घेत नाई

नाई भाऊ, गाडीच्या बाजूच्या काचायले फिल्म लावून देते, मागची करून देते, पण छताची नाई — पाटीवर लिहिलं हाय ते जुनं हाय, पुसाचं राहून गेलं. तुमी बसा. त्या खुर्चीवर नका बसू, तिचा पाय हालते, इकडं कूलरसमोर बसा. वणीहून आले न? बोनेटवरच्या कोळशाच्या धुळीवरून समजते. इतक्या दुरून आले अन् मी नाई म्हणून राह्यली, राग आला असन — येऊ द्या, पण तुमाले फसवून पाठवण्यापेक्षा राग बरा. पांढरकवड्यात दुसरं कोणी छत करत नाई, नागपूरले जा, नाई तर आदिलाबादले.

आता तुमी विचारलं, लावाव का नाई लावाव — तर लावाव. शोरूमवाला सांगतेच, का काच कंपनीतूनच रंगवून आली हाय, ऊन आत येत नाई. जिथं ते काच बनवतात तिथं नसन येत. इथं मे महिन्यात आमच्या तांड्यावर दुपारी कुत्रं सावली सोडून हालत नाई, अन् तुमी डोक्यावर काच घेऊन फिरता. हात धरून पाहा — काचेले लावू नका, खाली चार बोटं सोडून धरा. लागते न आच? तुमची बायको म्हणते टाळू तापते, ते काही नखरे नाईत, बरोबर म्हणते ते. बाजूच्या काचेतलं ऊन गाडी वळली का सरकते, छताचं ऊन बसूनच राहते. फक्त काळी फिल्म नका मागू, काळं म्हणजे थंड असं नसते, ते स्वतः तापते अन् मंग तुमाले तापवते. गरमी अडवणारी वेगळी येते, साध्या काचेवानीच दिसते, आभाळ दिसत राहते तिच्यातून. लेकरं मागं बसत असतीन तर त्यायले आभाळ पायजेच, नाई तर काचेचं छत घेतलं कायले? अन् वॉरंटीचं शोरूममधी आधी विचारून घेजा. हे सगळं मले यायनंच शिकवलं — आमच्या घरच्या मालकानं, बादल राठोड, पाटीवरचं नाव त्यायचंच. ते काय भिंतीपाशी बसले. नमस्कार करा, ते बी करतीन, हात जरा उशिरा वर येते.

चार वर्षं हैदराबादले होते हे, तिथं मोठ्या दुकानात शिकले. परत आले अन् हे शेड टाकलं, म्या म्हटलं हायवेवर पंक्चरवाला चालते, काचेले कोण विचारते — पण चालली लाइन. नागपूरकडचे लोक थांबून काम करून घेत. छताचं काम तर यायच्यासारखं कोणी करतच नव्हतं. तुमाले वाटते फिल्म म्हणजे वहीले कव्हर चढवणं, तसं नसते. छताची काच एवढी मोठी, अखंड, वरून फुगलेली. आधी बाहेरून फिल्म टाकाची, गरम हवेच्या बंदुकीनं शेकून शेकून काचेच्या आकारावर आणाची. मंग आत शिरून, सीट आडवी करून, उताणं झोपून, साबणाचं पाणी फवारत फवारत वरती चिकटवाची, अन् रबराच्या पट्टीनं सगळं पाणी कडेले ओढाचं. हात सारखे वर. साबणाचं पाणी तोंडावर, डोळ्यात. अन् एक कण धूळ आत राहिली का फोड दिसते, पूर्ण तुकडा फेकावा लागते. म्हणून पंखा बंद, कूलर बंद, गाडीचा एसी बंद. लोक गारव्यासाठी फिल्म लावतात, अन् लावणारा जिथं झोपते तिथं हवा नावाले नसते.

काय झालं म्हणता — ऊन लागलं. तीन वर्षं झाली. असंच गाडी आली होती काचेच्या छताची, मेचा महिना, दुपारचे दोन. गाडीवाला घाईत होता, त्याले लग्नाले जायचं होतं. शटर पाडून हे आत काम करत होते, शटर यायनंच पाडलं धुळीपायी, मी बाहेर होती. आतच बेशुद्ध पडले. इथून यवतमाळले नेलं, एकोणीस दिवस दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले गरमी मेंदूत चढली, तोल सांभाळाचा जो भाग असते मागं, त्याले चटका बसला, आता जेवढं हाय तेवढंच. तवापासून भिंत धरून चालतात. बोलणं जड झालं. हात असे थरथरतात, का रबराची पट्टी धरली तर काचेवर टकटक वाजते. पहिल्या वर्षी रोज धरून पाहत, मंग सोडून देलं.

मी शिकली मंग, बाजूच्या काचा येतात मले चांगल्या. छत बी एकदा घेतलं करायले, थंडीचे दिवस होते, शटर उघडं होतं, काहीच भेव नव्हतं. आत शिरली, उताणी झोपली, वर काच पाह्यली अन् गिऱ्हाइकासमोर दार ढकलून बाहेर पडली. तवापासून नाई. लोक म्हणतात बाईच्या जातीले जमत नाई. म्हणू दे.

नाई, गाडीवाल्याची चूक नाई. तो तर म्हणे संध्याकाळी करून द्या, मी हॉटेलात झोपतो. घाई त्याची होती असं मी मघाशी म्हटलं का? — लोकायले तसंच सांगते, तोंडातून निघून जाते. घाई माही होती भाऊ. माह्या लहान बहिणीची हळद होती झरीले, कामात यायच्या हाताखाली मीच असाची, अन् मले पाचची एसटी धराची होती. नवी साडी खुंटीवर टांगून ठेवली होती. पहिला तुकडा लावता लावता हायवेवरून ट्रक गेला, धूळ आली, तुकडा वाया गेला. हे म्हणाले, "राहू दे, वारा पडला का सहाले लावतो." म्या म्हटलं, "सहाले लावसान तर मी जाऊ केव्हा? शेवटचा तुकडा हाय, आताच लावा." हे हासले. यायले भांडता येतच नव्हतं कधी. परत आत शिरले. अन् शटर म्या पाडलं. यायनं नाई. म्या पाडलं, खाली जिथून उजेड येत होता तिथं पोतं बी सारलं, का धूळ येऊ नये.

कूलरच्या आवाजात त्यायले ऐकू जात नाई. जात असन तर जात असन, आता काय.

मंग मी त्या निंबाखाली बसली अन् केस विंचरले. अर्धा तास झाला असन तर आतून हाक आली — "जया, पाणी दे." घरात आम्ही आमची बंजारा बोली, गोरमाटी, बोलतो, पण गोरमाटीत बी पाणी म्हणजे पाणीच, प्यायचं का साबणाचं ते शब्दावरून समजत नाई. दिवसातून दहा वेळा हे तसंच म्हणत, पाणी दे, का मी फवाऱ्याची बाटली भरून द्याची. म्या तेच केलं. पोतं सरकवलं, हात घालून साबणाच्या पाण्याची बाटली आत ठेवली, पोतं परत लावलं. शटर उचलून पाह्यलं नाई, धूळ येईन म्हणून. थोड्या वेळानं परत आवाज आला, "पाणी." म्या म्हटलं, "देलं न, तिथंच ठेवलं हाय, पाहा." मंग आवाज नाई आला. मले वाटलं काम जमून राह्यलं, कडा करायच्या वेळी हे बोलतच नसत.

शटर उघडलं तवा साडेतीन झाले होते. मागच्या सीटवर उताणे होते, अंग असं तापलेलं का मले हात मागं घ्यावा लागला, अन् घाम नाई, कोरडं. बाटली गाडीच्या दारापाशी आडवी पडली होती, टोपण उघडून ठेवलं होतं. ते साबणाचं पाणी पेले का नाई ते मी कोणाले विचारलं नाई. छत मात्र पूर्ण झालं होतं. एक फोड नाई, एक कण नाई. गाडीवाला बिचारा रडकुंडीले आला, त्यानंच त्याच गाडीत टाकून यायले दवाखान्यात नेलं, मी मागं बसली यायचं डोकं मांडीवर घेऊन, अन् वर पाह्यलं तर स्वच्छ आभाळ.

डॉक्टरनं विचारलं, किती वेळ बंद होते? म्या सांगतलं दहा मिनिटं. कोणी पाडलं शटर? म्या सांगतलं, यायनं. मंग महिनाभरानं यायले दोन शब्द बोलता येऊ लागले, तवा सासू जवळ होती, तिनं विचारलं, कसं झालं रे बापा? तर हे म्हणाले, "मीच... शटर... पाडलं." मी दारात उभी होती. आता ते यायले खरंच तसं वाटते, का माहं ऐकून ऐकून तसंच बसलं डोक्यात, का सगळं आठवते अन् मले वाचवून राह्यले — मले समजलं नाई. तीन वर्षं झाली, एका खोलीत राहतो, जेवू घालते, आंघोळ घालते, विचारायची हिंमत होत नाई. विचारलं अन् हो म्हणाले तर मंग काय करू? नाई म्हणाले तरी काय करू?

तुमी म्हणता माहा काय दोष, मले काय माहीत होतं. पाहुणा माणूस तसंच म्हणते, भाऊ. सासू बी तसंच म्हणाली असती, तिले खरं सांगतलं असतं तर. गेली ती मागच्या साली.

थांबा — उठू नका तुमी. माहीत हाय मले, हे माठाकडेच चालले. राहू द्या, भिंत धरून जातात ते बरोबर. पडत नाईत. सांडते अर्धं, सांडू द्या. मी काय ग्लास देत नाई का, भाऊ? पहिल्या वर्षी देऊ देऊ थकली. माह्या हातातून भाकर घेतात, गोळी घेतात, चहा घेतात. पाणी नाई घेत. अन् मागत तर नाईच, कितीही जीव सुकला तरी. तुमी दिलं तर घेतीन, कोणीही दिलं तर घेतीन, म्हणूनच म्हणते देऊ नका. मले पाहावत नाई ते.

चार वाजत आले. निघा तुमी. नागपूरवाल्याले सांगजा सकाळी करा म्हणून, अन् शटर उघडं ठेवा म्हणा. गाडी मागं घेताना जपून, रस्त्यावर ट्रक असते. नाई, बाजूच्या काचा बी नको आज. जा भाऊ.