केशरी काठी

मिशिगनच्या उत्तर टोकाला, ट्रॅक्टरच्या दुकानात सिग्ने एका बोल्टसाठी रांगेत उभी होती. तिच्या पुढे एक म्हातारं जोडपं विक्रेत्याशी हुज्जत घालत होतं.

"बर्फ उडवायचं यंत्र ट्रॅक्टरच्या मागेच हवं. चाळीस वर्षं मी रिव्हर्स घेत घेतच शेजाऱ्यांच्या दारातला बर्फ काढतोय."

"पुढे लावायचं दाखव रे बाळा. ह्याचं ऐकू नकोस."

"काकू, त्याला ट्रॅक्टरही मोठा लागेल."

"ऐकलंस, हेल्मी?" म्हाताऱ्याने बायकोला विचारलं.

"आर्वो, मागच्या भिंतीशी किती ट्रॅक्टर आहेत?"

"चार."

"पाय हलवून वळलास. नुसती मान वळव."

"मान नाही वळत, म्हणून तर आरसा बसवलाय."

"गेल्या हिवाळ्यात त्यात काय दिसलं?"

"काय दिसणार? बर्फ. आणि रस्त्याची कड कळावी म्हणून रोवतात त्या केशरी काठ्या. शेजारच्या आयडाने तर एक वाटेच्या मधोमधच रोवली होती, वेडी कुठली."

"मग थांबलास?"

"काठीसाठी कोण थांबतं? मोडली तर मोडली."

"आयडाने मधे काठी रोवलीच नव्हती. तिच्या दाराशी पोरं शाळेच्या बसची वाट बघतात, ती यंत्राच्या वाटेत येऊ नयेत म्हणून मी रोज तुझ्या मागून चालत होते. तुझं केशरी जाकीट घालून."

विक्रेत्याने हातातलं पेन खाली ठेवलं.

"मग तू काय केलंस?" आर्वोने विचारलं.

"बाजूला उडी मारली. दोनदा."

तिच्याकडे बघायला आर्वो मान वळवायला गेला. ती वळेना, तसा तो पाय हलवून अख्खा तिच्याकडे वळला.

"पुढे लावायचं दाखव," तो म्हणाला.