हेळव्याच्या पोथीतलं मिटलेलं पान

मंडळी, आख्यान लावण्याआधी एक प्रश्न टाकतो. टाळ जरा थांबवा... हं.

माणसाच्या जन्माची एक गोष्ट असते. घरातली, आतली, ओलसर. ती गोष्ट कुणाची? ज्याच्यावर ती घडली, त्याची? ज्याला ती ठाऊक आहे, त्याची? की ज्याच्या पेटीत ती लिहून ठेवलेली आहे, त्याची?

पुढं बसलेले अण्णा मान हलवताहेत: "सोपं आहे बुवा, ज्याची त्याची!" सोपं आहे? बरं! मग ऐका.

आंबेघोल नावाचं गाव. नदीच्या वळणावर, उसाच्या कुशीत. त्या गावाला दर दोन वर्षांनी, सुगी उरकली की, निंगाप्पा हेळवी यायचा. पाठीमागच्या पोरांना हेळवी ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. हेळवी म्हणजे घराण्याच्या पिढ्या जपणारा माणूस. बैल घेऊन दारी येणार, उंबऱ्यासमोर बसणार, पोथी उघडणार आणि तुमच्या खापरपणज्यापासून तुमच्या पाळण्यातल्या लेकरापर्यंत नावं वाचणार. जन्मलेलं नाव लिहिणार, गेलेल्या नावाला हात जोडणार. पसाभर धान्य घेणार, की पुढचं दार!

आणि त्याचा नेम काय होता, माहीत आहे? एका घराची पिढी दुसऱ्याच्या दारात वाचायची नाही. कधीच नाही! गावचा पाटील म्हणाला, "निंगाप्पा, त्या शेजारच्याचं जरा सांग की, मूळचे कुठले ते?" तर निंगाप्पा पोथी मिटायचा आणि म्हणायचा, "पाटील, त्यांचं त्यांच्या उंबऱ्यावर. तुम्ही तिथं राहायला गेलात, तर तुम्हालाबी सांगीन!"

हसलात ना? हसा. पण बघा हो, ना कायदा, ना कचेरी, ना शिक्का, आणि सत्तावीस गावांची गुपितं एका बैलाच्या पाठीवर सुखरूप फिरत होती!

दुसरा नेम लोकांचा. हेळव्याला खोटं सांगायचं नाही. पोथीत खोटं नाव गेलं, तर वंशाचा दोरा तुटतो, अशी भावना. मग एखाद्या घरात झाकलेलं काही असलं तर? तेही सांगायचं. हेळवी ते मोडीत लिहायचा आणि बाजूला एक खूण करायचा: मिटलेल्या कमळाची कळी. कळी म्हणजे, इथं तोंड मिटायचं. त्या कळीचा अर्थ बापानं लेकाला सांगायचा. बाकी कुणाला नाही. कळी म्हणजे काय, एवढं सांगितलं तरी शपथ मोडली! मला ती कळली, ते सगळं उघडं पडल्यावर.

आता या गावातली अक्काताई खराडे. शाळेत पोरांचा भात शिजवायची. सव्वीस वर्षांपूर्वी मोठा पूर आला. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि ओटी रिकामी. तिचा मालक गुळाच्या काहिलीतून माणसं काढत होता. गुऱ्हाळाची काहील असते ना, एवढी मोठी, पुरात तीच आमची नाव! चौथ्या खेपेला त्यानं एक तान्हं लेकरू आणलं. आई-बाप पाण्यात गेलेले. वाट बघितली. कुणी आलं नाही. अक्काताई वर्षभर माहेरी राहिली आणि लेक कडेवर घेऊनच गावात परतली. कुणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. एकट्या निंगाप्पाला सांगितलं. त्यानं लेकराचं मूळ-कूळ लिहिलं, कळी काढली. आणि अक्काताई जात्यावर बसून काय म्हणत असेल? पेटीवाले, सूर धरा...

पुराच्या पाण्यासंगं, काय वाहून गं आलं
माझ्या रित्या ओटीमंदी, सोनं आपसूक झालं

माझ्या मनातली गोष्ट, जात्या तुला रे सांगते
पीठ उडंल वाऱ्यानं, म्हणून हळूच दळते

लेकीचं नाव रेणुका. वाढली, शिकली, लग्न झालं, चार तासांच्या वाटेवरच्या गावी नांदायला गेली. अक्काताईचा मालक वारला. आता निंगाप्पा सोडला, तर एकाच जिवाला ते गुपित ठाऊक. अक्काताईनं ठरवलं होतं, लेकीला आपण सांगायचं. आपल्या तोंडानं. तिचं डोकं आपल्या मांडीवर असताना! पण दर खेपेला जीभ अडायची. पहिल्या दिवाळीला सांगू... राहिलं. आता रेणुकाला सातवा महिना. अक्काताई म्हणाली, बाळंतपणाला येईल, तेव्हा ती आई होईल, तेव्हा तिला माझं कळेल. तेव्हा सांगते.

मंडळी, आईनं मागून मागून काय मागितलं? ही गोष्ट लेकीला माझ्या तोंडून कळू दे. एवढंच!

आणि इकडं काय झालं? एका खात्यानं एका कंपनीला काम दिलं, जुन्या वंशावळी जतन करा. हेतू वाईट नव्हता हो! निंगाप्पाच्या पोथीला वाळवी लागलेली, मागं पोथी धरणारं कुणी नाही. कंपनीच्या मॅडम आल्या. गोड बोलल्या. "मामा, तुमचं पुस्तक शंभर वर्षं टिकेल." निंगाप्पाचे डोळे भरले. शाल दिली, नारळ दिला. पानांचे फोटो निघायला लागले.

मध्येच मॅडम थांबल्या. "मामा, ही कळीसारखी खूण कसली? ही पानं वगळायची आहेत का?"

बघा! बघा तो क्षण! "होय, वगळा" म्हटलं असतं, तर सुटला असता. पण 'वगळा' म्हणणं म्हणजे, 'इथं काहीतरी आहे' असं बोट दाखवणं! तीनशे वर्षं त्याच्या घराण्यात कुणी ते बोट दाखवलं नव्हतं. शपथ राखायची म्हणून म्हातारा खाली बघून म्हणाला, "नक्षी हाय, मॅडम."

मनात म्हणाला, मोडी आता वाचतंय कोण?

माणूस वाचत नव्हता, मंडळी. यंत्र वाचत होतं!

मॅडमनी काचेची पाटी पुढं केली. "इथं अंगठा, मामा. 'मान्य आहे' म्हणून." चौदा पानांची संमती. निंगाप्पानं वाचली नाही. तुम्ही हसू नका! तुम्ही तरी वाचता? आपण लग्नाची पत्रिका जेवणाची वेळ बघण्यापुरती वाचतो! त्यानं अंगठा ठेवला. एका अंगठ्याखाली सत्तावीस गावं, हजारो घरं. त्यातल्या एकाला तरी कुणी विचारलं का हो, "बाबा, तुला मान्य आहे का?"

आणि श्रावणात, अवेळी, बैलाविना, निंगाप्पा अक्काताईच्या दारात उभा राहिला. चप्पल एकाच पायात.

"मामा? आत्ता कसं काय? बैल कुठाय?"

"अक्का... पोथी फोनात आली."

"चांगलं झालं की! जपली."

"समदी आली अक्का. तुज्या लेकीचं पानबी. नाव-गाव टाकलं की कुणालाबी दिसतंय. मोडीचं मराठी करून दिसतंय."

अक्काताई पाखडायची थांबली. तांदळाचं सूप हातात तसंच. म्हणाली, "रेणूनं बघितलं असंल?"

"ठावं न्हाई."

"चला."

दोघं तालुक्याला गेली. कचेरीच्या खिडकीवर कारकून कुंभोजे भाऊसाहेब. माणूस चांगला! खुर्ची दिली, चहा सांगितला. सगळं ऐकलं आणि म्हणाले, "मावशी, घाबरू नका, कायदा आहे. माहिती काढून टाकता येते. अर्ज करायचा."

"मग लिवा की, बाबा! मी अंगठा करते."

"तुम्ही नाही. जिची माहिती, तिनंच अर्ज करायचा. स्वतःचं ओळखपत्र जोडून. सज्ञान आहे ना लेक?"

"मी आई हाय तिची."

भाऊसाहेबांनी नजर पडद्याकडं वळवली. कारण त्या पानावर नेमकं काय लिहिलंय, ते त्यांनी नुकतंच वाचलं होतं.

निंगाप्पा म्हणाला, "साहेब, लिवलं मी, दिलं मी. चूक माझी. माझ्या अर्जावर पुसा."

"मामा, तुम्ही तर मान्यता दिलीय. हा बघा अंगठा."

अक्काताई हळूच म्हणाली, "म्हंजे, तिला परक्याकडनं कळू नये, म्हणून आधी तिलाच इथं परक्यापुढं आणून उभी करायची?"

"मावशी, नियम तुमच्याच भल्याचा आहे हो. उद्या कुणीही उठून कुणाचीही माहिती पुसायला लागलं, तर? मालमत्तेच्या भांडणात भाऊच भावाचं नाव पुसेल!"

खोटं बोलत होते का ते? नव्हते! हेच तर दुःख आहे, मंडळी. खात्याचा हेतू बरा, मॅडमची भाषा गोड, कारकुनाचा नियम खरा, म्हाताऱ्याची शपथ पवित्र. आणि या सगळ्या चांगल्यांच्या मधोमध एक आई उभी, तिला जायला वाट नाही!

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीनं अक्काताई लेकीच्या गावी निघाली. फोनवर सांगण्यासारखं होतं का ते? गाडीत बसून वाक्यं जुळवत होती. "रेणू, एक सांगू का गं..." नको. "रेणू, त्या सालच्या पुरात..." नको. चार तास! चार तासांत एक वाक्य जुळलं नाही.

रेणुका सोप्यात बसून मेथी निवडत होती. आईला बघितलं. उठली नाही. म्हणाली, "ये. पाणी देऊ?"

मंडळी... आपल्या आईला कुणी 'पाणी देऊ का' म्हणून विचारतं? लेक तांब्या भरून आणते, नाहीतर आईच उठून माठातलं घेते! 'देऊ का' हे पाहुण्याला विचारतात.

अक्काताईला कळलं. झालं.

"कुणी सांगितलं, रेणू?"

"थोरल्या जाऊबाईंनी. त्यांच्या भावानं पाठवलं होतं. जेवताना वाचून दाखवलं, सगळ्यांच्या पुढं. सासरे ताटावरनं उठले." मेथीची काडी तिच्या बोटांत तुटत होती, पुन्हा पुन्हा. "आई, त्याच्याखाली आकडा असतो. किती जणांनी बघितलं त्याचा. चारशे बारा होता. मी बघितलं, चारशे तेरा झाला."

अक्काताई खाली पडलेल्या काड्या गोळा करायला लागली.

"माझ्या जन्माची गोष्ट, आई. आणि मी चारशे तेरावी."

"सांगणार व्हते गं. बाळंतपणाला आलीस की..."

"कधीपासून सांगणार होतीस?"

"तू पयलं पाऊल टाकलंस, तवापासनं."

रेणुका रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. आईनं पदर पुढं केला असता, सव्वीस वर्षं केला तसा. ती नुसती म्हणाली, "गाडी अडीचला आहे परतीची. जेवून जा."

पानावर वाढे भाकर, लेक बोलेना गं काही
माझ्या घासाला वाट, गळ्यामंदी उरली नाही

बाळंतपण सासरी झालं. मुलगी झाली. अक्काताईला कळलं, ते फोनवर आलेल्या फोटोतून. चार जणांना पाठवलेला, त्यात हिलाही एक.

अर्ज रेणुकानं केला. खिडकीवर उभी राहून, तान्हं लेकरू खांद्यावर घेऊन, सगळे रकाने भरून दिले तिनं. तीन महिन्यांनी पान निघालं. निघालं हो, खरंच! कायद्यानं काम केलं. आणि तिच्या फोनवर निरोप आला: 'आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. आमची सेवा कशी वाटली? एक ते पाच तारे द्या.'

हसू येतंय ना? मलाही आलं होतं. अर्ध्यातच थांबलं.

पान निघालं. पण ज्यांनी आधीच आपल्या फोनात घेऊन ठेवलं, त्यांचं काय? ताटावरून उठलेल्या सासऱ्याचं काय? पुढच्या सुगीला निंगाप्पा गावात आला, तर दारं बंद. कुणी म्हणालं, "आमच्याकडं लिवण्यासारखं काय न्हाई, मामा." कुणी उघडलं, आणि धडधडीत खोटं सांगितलं. म्हाताऱ्याला कळत होतं खोटं. लिहून घेत होता! कळी काढायची गरजच उरली नाही. लोकांना आता कुणालाच खरं सांगायचं नव्हतं.

रेणुका एकदा आली माहेरी. लेक आजीच्या मांडीवर दिली. बसली सोप्याच्या कडेला, पिशवी जवळ धरून. अक्काताई चूल पेटवायला उठली, तर म्हणाली, "राहू दे आई, फार वेळ नाही." 'आई' म्हणाली. शब्द तोच आहे. पण अक्काताई मला म्हणाली, "बुवा, पूर्वी ती हाक मारायची, तवा मागं वळून बघत नव्हती. आता हाक मारते आन् माझ्याकडं बघते, चालंल का म्हणून."

मंडळी, ही गोष्ट सांगण्याआधी मी रेणुकाकडं गेलो होतो. विचारायला. कारण या आख्यानातनं मी एवढं तरी शिकायला पाहिजे ना! गावाचं नाव बदललं, माणसांची नावं बदलली, म्हटलं, "ताई, सांगू का? नको म्हणालीस तर दुसरं आख्यान लावीन." तिनं लेकीला उचलून मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "सांगा. पण एक नका सांगू. मी कुठली, कुणाची, कुठल्या वस्तीवरची, ते नका सांगू."

आणि मी सांगितलं नाही. तुमच्या लक्षात आलं?

आता डोळे मिटा. खरं खरं बघा आत. आख्यान चालू असताना, त्या लेकराला काहिलीतून काढल्यापासून, तुमच्या मनात आलं की नाही: 'पण ती होती कुणाची? जात कुठली?' आलं ना? अण्णा, मान खाली घालू नका. माझ्याही मनात आलं होतं. सासऱ्याच्याही तेच आलं होतं. त्या चारशे माणसांनी यापेक्षा वेगळं काय केलं? त्यांच्या हातात बघायला पान होतं, आपल्या हातात नाही, एवढाच फरक!

कायदा करा. कडक करा. सरकारला विचारा, आमच्या घराची संमती दुसऱ्याच्या अंगठ्यावर कशी घेतलीत? विचारलंच पाहिजे! पण जोवर आपल्याला दुसऱ्याचं पान उघडून बघायची भूक आहे, तोवर कुणीतरी ते पान छापत राहील.

आज शेवटी गजर नको. टाळ खाली ठेवा. बाहेर पायरीवर चपला काढल्यात ना, तिथं जा. मनात आलेला तो प्रश्न तिथं ठेवा. चपला पायात घाला, आणि त्याला तिथंच सोडून घरी जा. वाटेत कुणाला विचारू नका. मला तर नकोच.