अस्कीं आले कां?

सन्माननीय अध्यक्ष महाराज, मंचावरचे आमचे नवे मॅनेजरसाहेब, आज ज्यांच्या गळ्यात हार आहे ते सेतुरामराव, त्यांच्या घरची मंडळी आणि बाटल्या धुण्यापासून हिशेबापर्यंत सगळ्या खात्यांतले माझे सोबती, सगळ्यांना नमस्कार.

मला तमिळ येतं, पण भांडण्यापुरतं. आजचं बोलणं भांडणाचं नाही, म्हणून मराठीत बोलतो. हिशेबातल्या कनकलताबाई तमिळमध्ये सांगतील. बाई, माझ्या चुका तेवढ्या गाळा.

शाळा माझी चौथीतच सुटली. जतहून ट्रकवर क्लीनर म्हणून निघालो, ड्रायव्हरशी वाजलं, तंजावुरात उतरलो. या कारखान्यात सोड्याच्या बाटल्या धुवायला लागलो तेव्हाही मनात एकच, पगार झाला की पळायचं. दुपारी सगळे भाताला बसले की मी क्रेटांच्या मागं जाऊन बसायचो. बोलणार कुणाशी? आईच्या हातची भाकरी आठवली की भाताकडं बघवायचं नाही.

एके दुपारी कँटीनच्या दारातून आवाज आला, "अस्कीं आले कां?"

दचकलोच! इथं मराठी? बोलणारे खुद्द मॅनेजर, सेतुरामराव. आपले स्वयंपाकी सांबशिव त्यांच्याच राजवाड्याच्या गल्लीतले, म्हणून दोघं भोसले राजांच्या काळापासून इथं चालत आलेलं घरचं मराठी बोलायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. साहेब पानावर बसलेले, पण भाताला हात नाही. मला वाटलं, अस्की नावाचा कुणी कामगार असणार. भारीच गडी, साहेबाला ताटकळत ठेवतो! शेवटी उठलो, दारात गेलो. म्हटलं, "साहेब, मी शोधून आणू का त्या अस्कीला?"

सांबशिव इतके हसले की पळी सांबारात पडली. "अरे जतकर, अस्कीं म्हणजे सगळे रे!"

सेतुरामराव हसले नाहीत. म्हणाले, "रोज एक कमी पडतो. तो तूच. बैस."

तर मंडळी, तो अस्की मीच होतो. माझं पळायचं त्या पानावरच राहून गेलं. ज्यानं आपल्यासाठी घास थांबवला, त्याचं काम कुणाच्यानं टाकवेल?

आता कंपनी मुंबईवाल्यांनी घेतली. नवी यंत्रं येतील, परदेशी पेय भरू, चांगलंच आहे. पण ऐकतो की साहेबलोकांना जेवायला वेगळी काचेची खोली होणार. नवे साहेब, काचेतून माणसं दिसतात, पण कोण आलं नाही ते दिसत नाही. तुमचं मराठी पुण्याचं. तुम्ही खुशाल 'सगळे' म्हणा. फक्त विचारत जा.

सेतुरामराव, आता रिटायर होऊन तुम्ही तिरुवैयारुला राहणार. बसनं लांब नाही, मी येईन. पण दुपारी त्या दारातून तुमचा आवाज येणार नाही. आमची आई दिवेलागणीला अंगणात येऊन असंच विचारायची, "आली का रं सगळी?" अजून विचारत असेल. तिथं एक कमीच पडत असेल. इथं तुम्ही हाक मारायचात, तेव्हा ती हाक तिकडचीच वाटायची. उद्या माझे कान त्या दाराकडंच लागतील.

बोलायला उभं केलंत, उपकार झाले. शब्द मागंपुढं झाला असेल तर पोटात घाला. पानं मांडलीत. पण गेटवरचे वैद्यनाथ अजून पाहुण्यांच्या गाड्या लावताहेत.

नवे साहेब, सेतुरामरावांनी तुमच्याकडं पाहिलंय. आज तुम्ही विचारा.