उलटी टांगलेली बाहुली

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या नागरिक भवनाचे व्यवस्थापक सन्माननीय श्री. तोकिएदासाहेब, कोळी संघाचे प्रमुख आणि आजचे पाहुणे श्री. हामातानीसाहेब, सत्कारमूर्ती निशिगाकी साएकोसान, आपल्या हिमीच्या मुलींच्या पथकाचे पालक, पथकातल्या आजच्या आणि कालच्या मुली, आणि अजून दारातच बूट काढत उभी असलेली मंडळी, आपणा सर्वांना माझा नमस्कार. पुढे जागा आहे, संकोच करू नका.

मी ओकिमुरा योशिए, पथकाची दुसरी लीडर. पत्रिकेत बघा, माझं नाव खालीच आहे. मला बोलायला आठ मिनिटं दिली आहेत आणि निशिगाकीसानना वीस. तक्रार नाही, फक्त नजरेस आणून दिलं.

निरोपाच्या भाषणात माणसाने गोड बोलावं असा संकेत आहे. पण दहा वर्षं ज्या बाईमुळे माझ्या पोटात दुखलं, तिच्याबद्दल आज अचानक गोड कुठून आणू? तेव्हा मी खरं बोलते. गोड लागलं तर तुमचं नशीब.

पथकात कामाची वाटणी साधी होती. गाठी, झेंड्याची घडी आणि प्रथमोपचार माझ्याकडे; मजा निशिगाकीसानकडे. आता मला सांगा, मजा हा काय शिकवायचा विषय आहे? मी तरी तेव्हा असंच म्हणायचे. मग एका रविवारी या बाईंनी अकरा मुलींच्या डोळ्यांना रुमाल बांधले, एकमेकींच्या खांद्यांवर हात ठेवायला लावले आणि अख्खी आगगाडी बाजारपेठेतून नेली. दुकान नाकाने ओळखायचं. सोया सॉसचं ओळखलं, चटयांचं ओळखलं, सुक्या मासळीचं तर कुणीही ओळखेल. न्हाव्याच्या दारात मात्र गाडी अडली. शेवटी सगळ्यांत धाकटी म्हणाली, “इथे आजोबांचा वास येतोय.” न्हावी बाहेर येऊन पोट धरून हसला. मी मागून प्रथमोपचाराची पेटी घेऊन चालत होते. कुणी पडलंसुद्धा नाही.

दुसऱ्या वेळी त्यांनी मुलींना गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडे धाडलं. लहानपणी काय खेळत होता ते विचारायचं आणि तोच खेळ त्यांना पुन्हा खेळायला लावायचा. ब्याण्णव वर्षांच्या आजींनी याच सभागृहात भोवरा फिरवला. त्या वर्षी माझ्या गाठींच्या वर्गाला कोण आलं होतं आठवतं का कुणाला? मला आठवतं. कोणीच नाही, मुली सोडून.

कार्यक्रम संपला की गोल बसून काय चुकलं ते प्रत्येकीने सांगायचं, ही आपली रीत. माझ्या वर्गानंतर मुली म्हणायच्या, “काही चुकलं नाही, लीडर,” आणि दप्तरं उचलायच्या. निशिगाकीसानच्या खेळानंतर अर्धा अर्धा तास बोलत बसायच्या. हे चुकलं, ते राहिलं, पुढच्या वेळी असं करू. काही न चुकणं ही स्तुती नव्हे, हे कळायला मला फार वर्षं लागली.

आणि घरी? घरी माझी कोतोने. तेव्हा ती दहा वर्षांची होती. रोज रात्रीच्या जेवणात भाताच्या प्रत्येक घासाला “साएको लीडर म्हणाल्या.” मी एकदा न राहवून विचारलं, “अगं, आणि माझं काय?” तर म्हणाली, “तुझं काय? तू तर आईच आहेस.” हा दिलासा होता की अपमान, माझं अजून ठरलेलं नाही.

सहा वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये निशिगाकीसाननी टूम काढली की मुलींना बोटीने समोरच्या बेटावर न्यायचं. किनाऱ्यावरून रोज दिसतं, पण तिथे जाऊन डबा खाल्लाय कुणी? मुली वेड्या झाल्या. आपल्या गावाचं हवामान तुम्हाला सांगायला नको. इथे डबा विसरला तरी चालतो, छत्री विसरून चालत नाही. म्हणून आदल्या दिवशी दुपारी मुलींनी पांढऱ्या रुमालांच्या बाहुल्या करून या खिडकीत टांगल्या. सरळ टांगली की ऊन, उलटी टांगली की पाऊस, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. अकरा बाहुल्या, अकरा चेहरे. माझ्या लेकीने आपल्या बाहुलीला चष्मा काढला होता आणि हनुवटीवर तीळ. सत्कारमूर्तींकडे बघा, चष्मा आणि तीळ दोन्ही दिसतील.

पाऊस पडला तर सभागृहात गाठींचा वर्ग, असं ठरलं होतं. दाराची किल्ली माझ्याकडे होती. सगळे गेल्यावर मी स्टुलावर चढले. कोतोनेची बाहुली सोडली, उलटी केली आणि पुन्हा बांधली.

तोकिएदासाहेब, स्टूल भवनाचं होतं. त्याबद्दल वेगळी क्षमा मागते.

रविवारी सकाळी धो धो पाऊस. मी दोरांची पिशवी भरून दहा वाजता इथे पोचले, खुशीत. सभागृह रिकामं. फळ्यावर लिहिलेलं, ‘पावसाचे आवाज शोधायला गेलो आहोत.’ खिडकीत अकराही बाहुल्या सरळ. मी उलटी केलेलीसुद्धा. पण पुढे कुणी एक शब्द काढला नाही, तेव्हा मीही गिळून टाकला.

त्या दिवशीचं काय झालं ते सगळ्या गावाने पाहिलं. मुली छत्र्या घेऊन गल्लोगल्ली फिरल्या. पत्र्यावर पाऊस कसा वाजतो, पालथ्या होडीवर कसा, देवळाच्या घंटेवर कसा, ते लिहीत सुटल्या. त्याचा झाला पावसाचा नकाशा, जो आज नगरपालिकेच्या जिन्यात काचेत लावलाय. म्हणजे मी पाऊस पाडला आणि कौतुक यांचं झालं. जळायला अजून काय हवं?

फक्त एका गोष्टीने माझ्या जिवाला गारवा होता. त्या दिवसापासून मुलींत बोलवा झाली की साएको लीडरना बोट लागते. म्हणून बेटाचा बेत पुन्हा कधी निघालाच नाही. या बाईंना न जमणारं काहीतरी आहे, या आनंदात मी दर जूनमध्ये स्वतःच्या हाताने खारवलेल्या आलुबुखारांची बरणी त्यांना द्यायचे. बेंबीवर चिकटवा, म्हणायचे, बोट लागत नाही. सगळे हसायचे. निशिगाकीसान बरणी घेऊन वाकून आभार मानायच्या.

गेल्या रविवारी कोतोने आजची भेट बांधत होती. बांधता बांधता म्हणाली, “आई, मला साएको लीडरचा आयुष्यात एकदाच राग आला होता. त्यांनी माझी बाहुली उलटी टांगली होती. मी रडायला लागले, मला वाटलं मीच चुकीची बांधली. तर त्या म्हणाल्या, तू नाही गं, मीच केली उलटी, मला बोट लागते ना. पण माझीच का केली?”

मी लपवत नाही. माझ्या लेकीला त्यांचा राग आला होता हे ऐकून मी एक क्षण सुखावले. मग हातातली कात्री खाली ठेवली आणि तिथून उठून गेले.

बुधवारी पथकाच्या कपाटाची किल्ली घ्यायला मी निशिगाकीसानकडे गेले आणि सरळ विचारलं, तुम्हाला बोट लागते का? त्या हसल्या. म्हणाल्या, “लग्नापर्यंत वडिलांच्या बोटीवर जाळी ओढली मी. मला कसली बोट लागतेय?”

“मग कुणी केलं ते माहीत होतं?”

“गाठ बघितली तेव्हाच. शेपूट आत दाबून इतकी नीट गाठ या गावात दुसरं कोण बांधतं, ओकिमुरासान? सोडवताना नख तुटलं माझं.”

मी म्हटलं, मग सांगितलं का नाही? त्या म्हणाल्या, “पोरगी रडत होती. तिच्या आईचं नाव सांगून ती थांबली असती का?”

मी किल्ली घेतली आणि घरी आले. मजा यांची, नकाशा यांचा, आणि आता मोठेपणही यांचंच. माझ्यासाठी काही ठेवलंत का, बाई?

एक ठेवलं आहे. सहा वर्षं मुली बेटावर गेल्या नाहीत आणि तुम्हीही गेला नाहीत. तुम्ही सोमवारी आकिताला कायमच्या राहायला निघणार. मध्ये उद्याचा रविवार आहे. हामातानीसाहेबांनी बोट दिली आहे. सकाळी आठला धक्क्यावर, डबा आणि छत्री घेऊन. हा माझा पहिला मजेचा कार्यक्रम, आणि तोही तुमच्याकडून चोरलेला. संपल्यावर गोल बसू. काय चुकलं ते मुलींनी सांगायचं, आणि कृपा करून भरपूर सांगायचं.

आता शेवटचं. सभेत चुकून काही उणंअधिक बोललं गेलं असेल तर उदार मनाने पोटात घाला, असं म्हणून खाली बसायची पद्धत आहे. मी चुकून काही बोललेले नाही. मी जे केलं तेही चुकून केलेलं नाही. म्हणून सर्वांची नको, दोघींचीच क्षमा मागते. निशिगाकीसान, तुमची. आणि तिसऱ्या रांगेत खाली मान घालून बसलेल्या माझ्या लेकीची. कोतोने, वर बघ. तुझी बाहुली तू नीटच टांगली होतीस. साएको लीडरनी ती उलटी केली नाही, सरळ केली.

आज सकाळी मी खिडकीत एक बाहुली टांगली आहे. डोकं वर आहे, ज्याला शंका असेल त्याने जाऊन बघावं. फक्त दोरी मी नुसती अडकवली आहे. कोतोने, गाठ तू मार.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. चहा गार होतोय.